मेलेले वानर काय सांगते?

काजूला मोहोर आला आहे. महिन्याभरात बी गळायला लागेल आणि दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीच्या बाजूची अर्धी माणसे सकाळपासून बागेत दिसू लागतील. त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यातल्या बाकावर तापाचे पेशंट वाढतात. म्हणून या आठवड्यात आम्लपित्त आणि गुडघेदुखी बाजूला ठेवून माकडतापाविषयी लिहितो आहे. विषय जुना वाटेल. २०१६ साली हा ताप आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि २०१७ साली बांद्याच्या आसपास पसरला, तेव्हा वर्तमानपत्रांची पाने त्याने भरली होती. पुढे कोविड आला आणि माणसे हे सगळे विसरली. हल्ली माकडतापाचे नाव काढले की "तो अजून आहे काय?" असे मलाच विचारतात. आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा पहिला आठवडा होता. चाळिशीची एक बाई दिराबरोबर आली. ताप एकशे तीन, डोळे लाल, अंग ठेचल्यासारखे. "डॉक्टरांनु, कपाळ फुटान जाता हो," एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी घसा पाहिला, पोट पाहिले, मलेरियासाठी रक्त घेतले, पॅरासिटामॉल दिले आणि तीन दिवसांनी या म्हणालो. ती पाचव्या दिवशी आली. हिरड्यांतून रक्त येत होते, प्लेटलेट उतरल्या होत्या. मी मनात डेंगी धरला. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहीत असताना तिचा दीर दारातूनच म्हणाला, "पंधरा दिसांआदी बागेत वांदर मेलो होतो. वास इलो म्हणान पुरलो."

मी पेन खाली ठेवले. "कोणाला कळवले का?"

"कोणाक कळवूचा? फॉरेस्टवाले आमकाच धरतले."

रक्ताच्या तपासणीत माकडताप निघाला. बाई वाचली, पण तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आला, मान आखडली आणि हात कापू लागले. पुढे कित्येक दिवस तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. ज्या शेजाऱ्याने खड्डा खणून वानर पुरले होते, तो मात्र रुग्णालयातून परत आला नाही. त्या बाईला पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: "बागेत जाता का, आणि तिथे माकड मेले आहे का?" तो मी विचारला नाही. वैद्यकीय महाविद्यालयात असताना सामाजिक आरोग्याच्या जाडजूड पुस्तकात हा आजार आम्ही वाचला होता. तो कर्नाटकातला, आपल्याला काय करायचा, म्हणून परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. माझ्या वयाच्या पुष्कळ डॉक्टरांचे असेच झाले असेल.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. १९५७ साली तिथे माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडली. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, हे लक्षण दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाचे. तो भारतात शिरला की काय, या भीतीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिकडे धावली. आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे हे तेव्हाचे नाव. ते १९५२ साली सुरू झाले होते. पिवळा ताप निघाला नाही. हा विषाणू नवाच होता आणि त्याचे नातेवाईक निघाले थेट रशियाच्या जंगलांतले, गोचिडीमार्फत पसरणारे. या कामात प्रयोगशाळेतल्या अनेकांनाही लागण झाली. इतक्या लांबून हा आला कसा? हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तर आणला नाही? ही शंका तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्या निमित्ताने भारतातल्या पक्ष्यांच्या प्रवासाची मोठी माहिती मिळाली. असो.

आता मुद्दा. माकडताप हे नाव आपण ठेवले आणि त्या नावानेच आपली दिशाभूल केली. हा ताप माकड देत नाही. तो देते गोचीड. माकड आपल्यासारखेच तापाने मरणारे जनावर आहे, आणि ते आपल्या आधी मरते एवढाच फरक.

या गोचिडीचा वर्षाचा हिशेब शेतकऱ्याने एकदा समजून घ्यावा. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गाई-म्हशींच्या अंगावर चढतात. रानात त्या गवा, सांबर अशा जनावरांवर असतात. मादी रक्त पिऊन टच्च फुगली की खाली गळते, पाल्याखाली अंडी घालते आणि मरते. ही अंडी हजारांच्या हिशेबात असतात. पाऊस सरता सरता त्यांतून सहा पायांची, डोळ्याला धड न दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. उंदीर, चिचुंद्री, खार, रानकोंबडा, खाली उतरलेले माकड, जे सापडेल त्याला ती चिकटतात. पोट भरले की गळतात, कात टाकतात आणि आठ पायांची मधली गोचीड तयार होते. ही तिळाहून लहान. ती साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पाल्यात आणि झुडपांत दबा धरून बसते आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. आता आपले दिवस आठवा. काजूची बी वेचायची ती याच महिन्यांत, लाकडे आणायची ती याच महिन्यांत, गोठ्यासाठी पातेरा गोळा करायचा तोही याच महिन्यांत. गोचिडीचे पंचांग आणि आपले पंचांग असे तंतोतंत जुळले आहे.

विषाणू या साखळीत रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांमध्ये आणि गोचिडींमध्ये गुपचूप फिरत असतो. तिथे कोणाचे लक्ष जात नाही, कारण मेलेला उंदीर कोण मोजतो? माकडाला लागण झाली की मात्र विषाणू त्याच्या रक्तात भराभर वाढतो. त्या वेळी त्याच्या अंगावर असलेली सगळी पिल्ले विषारी होतात आणि कात टाकल्यावरही विषाणू त्यांच्या पोटात राहतो. माकड मेले, अंग थंड पडले, की गोचिडी त्याला सोडून खाली उतरतात. त्यामुळे ज्या झाडाखाली वानर मरते तेवढा तुकडा पुढे कित्येक दिवस धोक्याचा असतो. माझ्या पेशंट बाईने त्याच झाडाखाली दहा दिवस बी वेचली होती. वानर पुरून टाकले म्हणजे काम झाले, असे घरच्यांना वाटले होते. गोचिडी तोवर केव्हाच बाहेर पडल्या होत्या. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे पेशंटला वाळीत टाकण्याचे कारण नाही. त्या बाईच्या घरी महिनाभर कोणी पाण्यालासुद्धा गेले नाही, हे ऐकून मला ताप येण्याची पाळी आली होती.

आता कोणालाही आवडणार नाही असे बोलतो. गाई-गुरांना हा आजार होत नाही आणि त्यांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही. पण गोचिडींचे पीक येते ते त्यांच्या जिवावर. बोशेल नावाच्या कोलंबियाच्या शास्त्रज्ञाने शिमोग्यात राहून याचा विचार केला आणि १९६९ साली मांडले, की हा विषाणू जंगलात बहुधा पूर्वीपासून होता. माणसाने जंगल फोडून शेती केली, गुरे आत चरायला सोडली, गोचिडींना आयते रक्त मिळाले आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली. रानात मोठी जनावरे विरळ असतात, तिथे गोचिडीला उपाशी राहावे लागे. आपण तिच्या दारात रोज पंगत नेऊन बसवली. तोडलेल्या जंगलाच्या कडेला घाणेरीची दाट झुडपे माजतात, त्यांत उंदीर वाढतात, फळे आणि बागायत दिसल्यावर माकडे तिकडेच मुक्काम ठोकतात आणि त्याच पायवाटेने आपण ये-जा करतो. गोचीड, उंदीर, माकड, गुरे आणि माणूस असे सगळे एका बांधावर आले, की वेगळे काही घडावे लागत नाही.

याचा पुरावा काजूवाल्यांनी तरी विसरू नये. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यातल्या निडले गावाकडे १९८३ च्या सुमारास या तापाची फार मोठी साथ आली आणि पुष्कळ माणसे दगावली. त्याच्या आधी तिथले जंगल काजूच्या लागवडीसाठी तोडले होते. २०२० साली भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी शिमोग्याच्या बाबतीत जे दाखवले तेही याच वळणाचे आहे: दाट जंगल, बागायती आणि गुरे यांची जिथे सरमिसळ आहे तिथे धोका अधिक. हा ताप पन्नास वर्षांहून अधिक काळ मुख्यतः कर्नाटकातल्या त्या पट्ट्यात राहिला. २०१२-१३ साली तो बंडीपूरला दिसला, मग केरळात वायनाडला, २०१५ साली गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे. तिलारीच्या खोऱ्यात आणि आजूबाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डोंगर किती उघडे झाले, रबर, काजू, अननस यांसाठी किती जागा साफ केली, हे मी सांगायला नको. रोज त्या रस्त्याने जाणारे तुम्ही आहात. लागवड करू नका असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, काजूवर माझ्या पेशंटांची घरे चालतात आणि त्या पैशांतून माझी फीही येते. पण उरलेल्या जंगलात उभे-आडवे कप्पे पाडत जाऊ नका, आणि राखीव जंगलात गुरे सोडू नका, एवढे म्हणण्याचा अधिकार ताप तपासणाऱ्या माणसाला आहे असे मी समजतो.

"माकडेच मारून टाका" ही मागणी दरवर्षी होते. बागायतदाराचे दुखणे खोटे नाही. नारळ, केळी, काजू, परसातली भाजी काही शिल्लक ठेवत नाहीत आणि भरपाईसाठी हेलपाटे घालून माणूस थकतो. त्या प्रश्नाचे उत्तर वेगळे काढले पाहिजे आणि ते लवकर काढले पाहिजे. पण तापासाठी माकड मारणे म्हणजे धूर दिसतो म्हणून चिमणी पाडण्यासारखे आहे. माकडे गेली तरी विषाणू गोचिडींत आणि उंदरांत राहणारच. आपली सूचना देणारी घंटा तेवढी बंद होईल. लाल तोंडाची माकडे असोत की काळ्या तोंडाची वानरे, दोन्ही या तापाने मरतात, आणि बऱ्याचदा माणसाला ताप येण्याच्या आधी मरतात. इतकी स्वस्त आणि लवकर मिळणारी खबर कुठली प्रयोगशाळा देईल?

आणि ही खबर आपण मातीत पुरतो. कोणी भीतीने, कारण बागेत मेलेले वानर सापडले की विष घातल्याचा संशय मालकावर येईल असे त्याला वाटते. कोणी भक्तीने. मारुतीचा अवतार म्हणून त्याला आंघोळ घालतात, गुलाल-फुले वाहतात, खांद्यावरून नेतात. भावनेचा मला आदर आहे, पण त्या अंगावरून उतरणाऱ्या गोचिडीला भावना कळत नाही. बंडीपूरला २०१२ साली मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनखात्याचे कामगारच या तापाने पडले होते. तेव्हा मेलेल्या माकडाला हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्याला तिथे फिरकू देऊ नका आणि ताबडतोब आशाताईला, पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला सांगा. संरक्षक कपडे घालून कोणाकडून तपासणीसाठी नमुना घेतला जाईल, प्रेत जाळले जाईल, भोवतालच्या जागेवर गोचीडनाशक मारले जाईल, मग त्या वाटेने जा.

सरकारी यंत्रणेनेही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माकड वनखात्याचे, गूर पशुसंवर्धनाचे आणि ताप आरोग्य खात्याचा, अशी वाटणी कागदावर ठीक आहे. गोचीड ती मानत नाही. एका मार्चमध्ये मी स्वतः एका मेलेल्या माकडाची बातमी देण्यासाठी तीन ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाने मला चौथ्याचा नंबर दिला. डॉक्टरची ही गत, तर वाडीवरच्या म्हाताऱ्याने काय करायचे? तीनही खात्यांसाठी तालुक्याला एकच नंबर असावा, तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा, आणि कळवणाऱ्या माणसाची चौकशी होणार नाही असे त्याखालीच लिहावे. याला किती खर्च येतो? अंगाला लावायचे तेल पहिला रोगी सापडल्यावर वाटण्यापेक्षा बी गळण्याच्या आधी वाटावे.

तेलाचे सांगतो. संरक्षण खात्याच्या डीआरडीओने तयार केलेले 'डेपा' नावाचे औषध गोचिडींना दूर ठेवते. बागेत जाण्यापूर्वी हातापायांना ते नीट लावावे. अंगभर कपडे घालावे, पायजमा किंवा पँट मोज्यात खोचावी, पाल्यावर फतकल मारून बसू नये, कपडे काढून ठेवायचे तर जमिनीवर टाकू नयेत. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात घालावेत, साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे, कमरेच्या नाडीखाली एकमेकांना तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, विडीचा चटका, नखाने चिरडणे हे प्रकार करू नयेत. रानातून आणलेला पातेरा घराच्या पडवीत रचू नये. गुरांच्या गोचिडींसाठी पशुवैद्यांकडून औषध घ्यावे, घरच्या प्रयोगाने गुरांना विषबाधा झालेली मी ऐकली आहे.

लशीविषयी लोक विचारतात. कर्नाटकात १९९० पासून एक लस वापरात होती. तिचे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत, हात दुखे, लोक मध्येच सोडून देत आणि शेवटी तिचा उपयोग पुरेसा होत नाही म्हणून २०२२ साली ती देणे थांबवले. नव्या लशीवर काम चालू आहे. या विषाणूवर थेट औषधही नाही. मग डॉक्टरकडे जायचे कशाला? कारण पाणी, सलाइन, रक्तस्रावावर नजर आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात नेणे यानेच बहुतेक माणसे वाचतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात, आणि उशिराने आलेल्याला वाचवणे कठीण जाते. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी मोठा ताप, कपाळ ठणकणे, कंबर-पोटऱ्या ठेचल्यासारख्या होणे, उलट्या, कधी नाका-हिरड्यांतून रक्त, असे झाले तर दुकानातून गोळी घेऊ नका. ॲस्पिरिन आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा" हा हट्टही या तापात करू नका. ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा आला, बडबड, थरथर किंवा मान आखडणे दिसले, तर त्याच दिवशी या. आपल्याकडे लेप्टो सगळ्यांना माहीत झाला आहे, म्हणून प्रत्येक ताप लोक लेप्टोत घालतात. लेप्टो मुख्यतः पावसातला, भाताच्या चिखलातला. काजूच्या दिवसांत ताप आला तर आधी माकडताप डोक्यात आणा आणि डॉक्टरने विचारले नाही तर तुम्हीच सांगा, की बागेत जातो आणि तिकडे माकड मेले आहे. डॉक्टर रागावणार नाही. मी तरी रागावणार नाही.

वाचकांच्या दोन-तीन प्रश्नांना उत्तरे देतो. माकडाने चावलेला बोंडू किंवा केळे खाल्ल्याने हा ताप होतो का? नाही, पण तसे फळ खाऊच नये, तो वेगळा विषय आहे. घरच्या कुत्र्याच्या अंगावर दिसणारी तपकिरी गोचीड हीच का? ती बहुधा वेगळ्या जातीची असते, तरी रानात हिंडून आलेला कुत्रा घरात घेण्यापूर्वी तपासावा. बांद्याच्या एका वाचकाने विचारले आहे, की बागेत जाण्याआधी थोडी हुर्राक घेतली तर गोचीड लागत नाही हे खरे का? हुर्राक घेऊन काजूखाली झोपणाऱ्यांना मी तपासले आहे. गोचिडी त्यांच्याच अंगावर सर्वांत जास्त निघतात.